पाठीला पाठ

इंदूर, १४ डिसेंबर २०१५

वत्सला,

निघताना तू म्हणालीस, "फोनवर तुमी लई गोड बोलता. काय सांगायचं ते लिहून सांगा. लिहिलेलं पलटता येत न्हाई." म्हणून लिहितो आहे. फोनही केले, चार वेळा. तू उचलला नाहीस. वाडीवर रेंज नसेल असं मी धरून चाललो आहे.

परवा इथं पोचलो. इंदूर मोठं शहर आहे. सकाळी माणसं रस्त्यावर उभी राहून पोहे खातात, वर शेव आणि बडीशेप घालून, सोबत जिलेबी. नळाला पाणी येतं आणि ते वाहत राहिलं तरी कुणी बंद करायला पळत नाही. पहिल्या दिवशी मी बादली भरली आणि तिच्याकडं बघतच बसलो. मग दोन तांब्यांत अंघोळ उरकली आणि उरलेली बादली तशीच ठेवली. खोली झाडायला येणाऱ्या बाईनं ती मोरीत ओतून दिली.

खोली वसुधा मॅडमनी दिली आहे. त्या तुला आठवत असतील. दिवाळीआधी दुष्काळी जनावरांच्या छावणीत चाऱ्याची गाडी घेऊन आल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, पुण्याच्या. आबांचा तांबडा खोंड गाडीच्या हॉर्ननं बुजला, दावं तोडून बायकांत घुसला, आणि मी त्याच्या मानेवर हात ठेवून त्याला शांत केला, ते त्यांनी पाहिलं. त्यावरच त्यांनी मला बोलावलं. त्यांचे वर्ग पुण्यात चालतात, आता इंदूरला नवीन सुरू करायचे आहेत, तिथं मी शिकवायला हवा, असं म्हणाल्या.

तुझं म्हणणं मी विसरलेलो नाही. "आबा छावणीत, मी संस्थेत, आन तुमी इंदूरला. घराला काय कुलूप लावू?" पण वत्सला, अठरा वर्षं मी दूध संघाची रेतनाची पेटी घेऊन सायकलवर, मग मोटरसायकलवर, गावोगाव गाई भरवत हिंडलो. संघानं वाडीचं दूध घेणं थांबवलं, माझं काम गेलं, आणि पाच महिने मी छावणीत बापाशेजारी, आबांच्या बाजेवर बसून चाऱ्याची उसाची वाढं मोजली. तुम्ही बायकांनी संघानं नाकारलेलं दूध गोळा करून नेकनूरच्या डेअरीला पाठवायला सुरुवात केली. त्याची संस्था झाली, तू तिची सेक्रेटरी झालीस. मी सकाळी तुझे कॅन उचलून टमटममध्ये ठेवायचो. लोक बघायचे.

हे मी निघायच्या आधी सांगायला हवं होतं.

आबांचा खोकला कसा आहे ते कळव.

बद्रीनाथ


इंदूर, १० जानेवारी २०१६

वत्सला,

तुझं उत्तर नाही. तरी लिहितो.

इथं शनिवार-रविवार कार्यशाळा असते. तंत्राची. शहराबाहेर एक मोठा हॉल आहे, खाली पांढऱ्या गाद्या. मी जे आबांकडून शिकलो तेच तंत्र दाखवतो. बुजलेल्या जीवाच्या पाठीवर हात ठेवायचा. काही बोलायचं नाही. त्याचा श्वास ओळखायचा, आपला श्वास त्याच्याबरोबर चालवायचा, तो पळतो तसं पळायचं. मग आपण हळूहळू संथ व्हायचं. तोही आपल्यामागं संथ होतो. आबा कधी हे बोलून दाखवत नसत. ते म्हणायचे, "हात ठिव आन गप ऱ्हा." मला मात्र तासभर बोलावं लागतं, तेही हिंदीत. आपली निजामाच्या मुलखातली हिंदी ऐकून लोक हसतात, पण चांगल्या मनानं.

शिकायला येणारे शिकलेले आहेत. दुकानदार, डॉक्टर, कॉलेजातले. बायकाही येतात. जनावर असं इथं एकही नाही, पण त्यावाचून अडत नाही.

मॅडमनी एक शाल दिली आहे. थंडी खूप आहे.

टँकर दिवसाआड येतो का? तुझ्या फॅटच्या मशीनची बॅटरी बदलून घे, ती आकडा कमी दाखवते आणि बायका तुझ्यावर चिडतात.

बद्रीनाथ


इंदूर, २१ फेब्रुवारी २०१६

वत्सला,

तुझं कार्ड मिळालं. आठ ओळी. मी ती जेवायच्या आधी वाचली आणि जेवल्यावर परत वाचली.

तू लिहितेस, "संस्थेच्या सभेत समद्या बाया इचारत होत्या, तुझा मालक कुठं गेला. कुणी म्हणलं पळून गेला. मी माईक घेऊन सांगितलं, ते इंदूरला जनावरांच्या पैदाशीचं तंत्र शिकवतात, डॉक्टर लोक त्यांच्यापाशी शिकायला येतात. छबुबाईनं टाळ्या वाजवल्या. मोहनराव चेअरमन बसले होते, तेबी म्हणले, बद्रीनाथनं नाव काढलं. आता फोन केला तर उचलते."

मोहनराव म्हणाले. ज्यांच्या सोसायटीच्या छावणीत आपली जनावरं बांधलेली आहेत, त्या मोहनरावांनी.

तू सांगितलंस त्यात वावगं काही नाही. तंत्र ते तंत्रच. एक गोष्ट या पत्रात लिहायची म्हणून बसलो होतो, पण तुझं कार्ड इतकं चांगलं आहे की ती पुढच्या वेळी लिहीन.

काल फोनवर तू हसलीस. छबुबाईच्या म्हशीनं मशीनला लाथ मारल्याचं सांगताना. किती दिवसांनी ऐकलं.

बद्रीनाथ


इंदूर, २८ मार्च २०१६

वत्सला,

वाडीवरून माझ्या दोस्ताचा, सिदूचा फोन आला होता. पहिलंच वाक्य, "बद्री, काय करून बसलास बे?"

त्यानं सगळं सांगितलं. मोहनरावांची सून संध्याकाळी दूध घालायच्या वेळी फोन घेऊन आली. म्हणाली, "वत्सलाबाई, हे बघा तुमचं पैदाशीचं तंत्र." बायका गोळा झाल्या. त्यात तो हॉल होता, जोडपी पाठीला पाठ लावून बसलेली, आणि वर मी, ती शाल पांघरून. बायका आधी हसल्या. मग मी बोलायला लागलो तशा गप्प झाल्या. सून फोन बंद करायला लागली तर तूच तिचा हात धरलास आणि शेवटपर्यंत पाहिलंस. मग राहिलेल्या आठ जणींच्या दुधाची फॅट काढलीस, कॅन भरून टमटममध्ये ठेवलेस, आणि किल्ली छबुबाईच्या हातात देऊन घरी गेलीस. तेव्हापासून तू संस्थेत गेलेली नाहीस.

वत्सला, तिथं घाण काही नाही. हे मी आईची शपथ घेऊन लिहितो. लोक अंगभर कपडे घालून बसतात. नवरा-बायको असतात, एकमेकांचे. पंधरा-वीस वर्षं एका घरात राहून एकमेकांशी बोलायचं विसरलेले. मी त्यांना पाठीला पाठ लावून बसवतो आणि एकमेकांचा श्वास ओळखायला सांगतो. एवढंच. काही बाया रडतात, काही पुरुषही. त्याला हे लोक तंत्र म्हणतात. जुनी विद्या आहे म्हणतात. मॅडमनी जाहिरातीत लिहिलं की मी बीडकडचा नाथपंथी आहे आणि आबा माझे गुरू आहेत. मी नको म्हणालो नाही. पहिल्या दिवशी एक डॉक्टरीणबाई माझ्या पाया पडल्या, आणि मी पाय मागं घेतले नाहीत.

तुला मी हे आधीच सांगायला हवं होतं. तू पैदाशीचं समजलीस आणि मी तुला समजू दिलं. तू माईकवर माझ्यासाठी खोटी पडलीस.

हे सगळं लिहून झालं. आता परत वाचलं. तू संस्था सोडलीस ती या कारणानं नाही, हे मला कळतं. पण ते मला आज लिहवत नाही.

बद्रीनाथ


इंदूर, ११ एप्रिल २०१६

वत्सला,

पाडवा झाला. इथं गुढ्या थोड्याच दिसल्या.

तू जे फोनमध्ये ऐकलंस ते मी आता लिहितो. तू म्हणाली होतीस, लिहिलेलं पलटता येत नाही.

पहिल्या दोन कार्यशाळांत लोक जांभया देत होते. मॅडम म्हणाल्या, "बद्रीनाथजी, तुमच्या आयुष्यातलं काही सांगा. हे तुम्हाला कसं सापडलं ते सांगा." मी आबांचं सांगितलं, खोंडाचं सांगितलं. लोक हसले, पण गाद्यांवर तसेच बसून राहिले. तिसऱ्या वेळी माझ्या तोंडून आपलं बाळ निघालं.

मी असं सांगितलं. माझं बाळ नऊ दिवसांचं होऊन गेलं. बायको रडेना, बोलेना. गोठ्यात जाऊन गाईला टेकून बसली. मी तिच्यामागं गेलो, तिच्या पाठीला पाठ लावून बसलो. तिचा श्वास अडकत होता. मी माझा श्वास तिच्याबरोबर चालवला, मग हळूहळू संथ केला, आणि दुपारच्या सुमाराला ती रडली. तेव्हा मला हे कळलं. असं मी सांगितलं.

हॉल रडला. त्या दिवसापासून दर शनिवारी मी हे सांगत आलो. बारा-तेरा वेळा तरी सांगितलं असेल. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा, हे मला यायला लागलं. कुणीतरी फोनवर घेतलं आणि ते वाडीवर पोचलं.

आपण दोघं त्या दिवसाबद्दल एकमेकांशी एक शब्दही बोललेलो नाही. एकोणीस वर्षं. आणि तू माझ्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकलास तो मोहनरावांच्या सुनेच्या हातातल्या फोनवर, पन्नास बायकांत, हिंदीत.

तेही खोटं.

मी गोठ्यात नव्हतो. सकाळी बाळ दूध ओढेना म्हणून मी जीप आणायला नेकनूरला गेलतो. जीप मिळाली होती. ड्रायव्हर चहा पीत होता, निघतोच म्हणाला. तेवढ्यात सिदू सायकलवर आला आणि म्हणाला, "बद्री, जीप राहू दे. गेलं लेकरू. आबांनी बोलावलंय." मी त्याला म्हणालो, तू हो पुढं. तो गेला. मी स्टँडवरच्या हॉटेलात जाऊन बसलो. त्या बाकावर बसून मी तीन कप चहा प्यालो. बीडची गाडी आली, गेली. मांजरसुंब्याची आली, गेली. मालकानं विचारलं, पाव्हणे कुठं जायचंय. मी म्हणालो, कुठंच नाही. दुपार टळल्यावर चालत निघालो. पोचलो तेव्हा आबा बाळाला मातीही देऊन आलेले होते. तू गोठ्यात गाईला टेकून बसलेली होतीस आणि आबा दारात बसलेले होते. मी लांबूनच पाहिलं, घागर उचलली आणि पाण्याला गेलो.

तुझ्या पाठीला पाठ मी कधीच लावली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

आणि आणखी एक. मी लोकांना सांगताना 'बेटा' म्हणालो. मुलगा. ते तू ऐकलं असशील. ते मी का केलं, याचं उत्तर माझ्यापाशी आज नाही.

परवाच्या कार्यशाळेत मी ठरवून उभा राहिलो. म्हटलं, आज खरं सांगतो. मी त्या गोठ्यात नव्हतो, हॉटेलात बसलो होतो, आणि ती मुलगी होती. सगळं सांगितलं. मला वाटलं लोक उठून जातील. ते आधीपेक्षा जास्त रडले. एक माणूस पुढं येऊन माझ्या गळ्यात पडला. शेवटी टाळ्या वाजल्या. मॅडम मागाहून मला म्हणाल्या, "हे तर आणखी ताकदीचं आहे. इथून पुढं असंच सांगा."

मी शाल घडी करून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्या वाईट नाहीत. त्यांना माझा राग आला नाही, आश्चर्य वाटलं. म्हणाल्या, "तुम्ही इतक्या लोकांना बरं केलंत." खरं बोलायला मी अशी माणसं निवडली होती की ज्यांचं मी काहीच लागत नव्हतो.

बद्रीनाथ


नेकनूर, २० मे २०१६

वत्सला,

मी तीन आठवड्यांपासून इथं आहे, हे तुला सिदूकडून कळलंच असेल. डेअरीवर काम मिळालं. कॅन धुतो, बर्फ फोडतो. सकाळी वाडीचे कॅन येतात, त्यांच्यावर तू ऑइलपेंटनं लिहिलेलं संस्थेचं नाव आहे. मालक पाणी जपून वापरायला सांगतो. पाच कॅन एका बादलीत धुवायचे.

छबुबाईनं तुझा राजीनामा घेतलाच नाही आणि किल्ली आपल्या उशाशी ठेवली, असं ऐकलं. परवापासून तू परत बसायला लागलीस. ते कॅनवरूनही कळलं. तुझ्या हातचं झाकण घट्ट बसलेलं असतं, उघडायला वेळ लागतो.

मागच्या सोमवारी आबांना भेटायला छावणीत गेलो होतो. तुला सांगितलं की नाही त्यांनी, ठाऊक नाही. हिरव्या जाळीखाली बाज टाकून बसले होते. खूप वाळलेत. खोंड विकला म्हणाले. मी पाया पडलो. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

मग म्हणाले, "माझं नाव सांगितलंस म्हणं तिकडं. गुरू म्हणून."

मी हो म्हणालो.

"मी काय शिकवलं तुला?"

"हात ठेवायचा आणि गप राहायचं."

"मग?"

पुढं तेच म्हणाले, "त्या दिशी मी फकस्त दारात बसलोतो, बद्री. काईच केलं न्हाई. तिला पाणी दिलं, तिनं घेतलं न्हाई. सांच्यापतूर बसलो. कुणीबी बसलं आसतं. तेवढंबी तुला जमलं न्हाई."

ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते गवताची काडी दातात धरून, समोरच्या वासराकडं बघत म्हणाले. मी उठलो तेव्हा म्हणाले, "भाकर खाल्ली का?" मी खाल्ली म्हणून सांगितलं. खाल्ली नव्हती.

मी तुला घरी घे म्हणत नाही. पण लोकांनी जे खोटं ऐकलं ते ज्या ठिकाणी पोचलं, त्या ठिकाणी, संस्थेत, जाऊन खोडावं असं वाटतं. इंदूरला खोडून उपयोग नव्हता. तू म्हणशील तेव्हा येईन. नको म्हणालीस तर नाही येणार.

बद्रीनाथ


नेकनूर, १३ जून २०१६

वत्सला,

काल जे झालं ते तुला ठाऊकच आहे, तू तिथं होतीस. तरी लिहितो. ते माझ्या हातानं एकदा कागदावर असावं.

सिदू शनिवारी डेअरीवर आला आणि म्हणाला, "उद्या दूध घालायच्या टायमाला ये म्हणली." बाकी काही बोलला नाही. मी रविवारी पाच वाजता वाडीवर उतरलो. बायका चरव्या घेऊन रांगेत बसल्या होत्या. तू मशीनपाशी होतीस. मी आलेला पाहून सगळ्यांचं बोलणं थांबलं. तू मान वर केली नाहीस. राधाकिशनच्या आईचं दूध मोजून झालं, तिचं कार्ड भरलंस, आणि मग विचारलंस. खाली बघूनच.

"त्या दिशी तुमी कुठं होता?"

"नेकनूरला."

"नेकनूरला कुठं?"

"स्टँडवर. हॉटेलात."

"सिदू सांगून गेल्यावरबी?"

"हो. दुपार टळेपर्यंत."

"गोठ्यात कोण होतं माझ्यापाशी?"

"आबा. दारात."

रांगेत कुणीतरी चरवी खाली ठेवली. तेवढाच आवाज झाला. मग तू माझ्याकडं पाहिलंस.

"मुलगा होता का मुलगी?"

"मुलगी."

"मग मुलगा कावून सांगितलं?"

एप्रिलच्या पत्रात मी लिहिलं होतं की याचं उत्तर माझ्यापाशी नाही. ते खरं नव्हतं. उत्तर होतं. मी म्हणालो, "ऐकणाऱ्याला जास्त वाईट वाटावं म्हणून. मुलगी म्हटलं असतं तर..." समोर पन्नास बायका होत्या.

छबुबाई रांगेत तिसरी होती. तिला चार मुली. ती म्हणाली, "तर कमी वाईट वाटलं आसतं. आसंच ना, बद्रीभाऊ?"

मी म्हणालो, "मला तसं वाटलं."

मला वाटलं होतं तू आता काही बोलशील. शिव्या दिल्या असत्यास तर मी उभा राहून घेतल्या असत्या. मोहनरावांची सून भिंतीकडं तोंड करून उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला होता. तू तिच्याकडं पाहिलंस, मग सगळ्यांकडं. म्हणालीस, "बायांनो, ऐकलं का? फोनमधलं खोटं हाय. हे खरं हाय. आता ह्याच्यावर बोलणं न्हाई." आणि मग, "पुढची चरवी आणा."

एवढंच. मी उभा राहिलो, कारण जावं की थांबावं हे कळेना. मशीन सुरू झालं. बायका पुढं सरकल्या. कुणीतरी मला वाट दिली.

मी वेशीपर्यंत गेलो असेन तेव्हा तुझ्या चपलांचा आवाज आला. तू पळत आली नव्हतीस, भरभर चालत आली होतीस, हात अजून दुधाचे होते. मला वाटलं, बोलवायला आली. खरंच वाटलं, वत्सला, लपवत नाही.

तू म्हणालीस, "बारशाच्या आदी गेली म्हणून तिला नाव न्हाई, आसं समद्यांनी धरलं. तिला नाव होतं. मी तिसऱ्याच दिशी ठेवलं होतं. कानात सांगितलं होतं तिच्या."

मी विचारलं, "काय?"

"आबांला ठाऊक हाय. मातीला नेताना त्यांनी इचारलं होतं, काय म्हणून हाक मारू. तुमी कदी इचारलं न्हाई."

"आता विचारतो."

मागून छबुबाईनं तुला हाक मारली. मग तू ते नाव सांगितलंस. एकदाच, हळू. आणि म्हणालीस, "आता जावा. मला दूध मोजायचंय."

मी नेकनूरच्या टमटममध्ये बसलो. शेजारी उमापूरकडचे एक म्हातारबा होते, लेकीकडं निघालेले, मांडीवर आंब्यांची पिशवी. माणूस बोलका होता. कुठले, काय करता, पाऊस पडेल का यंदा. मग विचारलं, "लेकरं किती?"

एकोणीस वर्षं या प्रश्नाला मी "नाही" म्हणत आलो. काल म्हणालो, "एक मुलगी होती."

"होती म्हंजी?"

"गेली. नऊ दिवसांची."

म्हातारबांनी पिशवीवरचा हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला. म्हणाले, "नाव काय ठिवलं होतं?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. चांगला माणूस होता. सांगितलं असतं तर त्याला खरंच वाईट वाटलं असतं. मी ड्रायव्हरला टमटम थांबवायला सांगितली आणि उतरलो. नेकनूर अजून दोन कोस होतं. बाकीची वाट मी चालत आलो, आणि ते नाव कुणाला सांगितलं नाही. या पत्रातही लिहीत नाही.

बद्रीनाथ